होमस्कूलिंग झालेल्या लेकीला आता कॉलेजला जायचंय, कागदपत्रं आणि बाकीचं, अनुभव सांगा

रानजाई:

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतेय त्यामुळे चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही वाईच्या पुढे धोम धरणाच्या अंगाला राहतो. लेक तिसरीत असताना पुणं सोडून इकडे आलो, जवळची शाळा बघितली, दोन महिने घातली, आणि मग काढली ती काढलीच. का काढली तो विषय इथे नको, त्यावर आधीच भरपूर धागे आहेत आणि प्रत्येकात शंभर प्रतिसाद भांडणाचे. तर लेक घरीच शिकली. म्हणजे आम्ही शिकवलं कमी आणि तिने शिकून घेतलं जास्त. दहावी एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था) दिली, २०२४ च्या एप्रिलमध्ये, मराठी, इंग्रजी, गणित, विज्ञान आणि पेंटिंग. मार्क बरे पडले. आता बारावीचं रजिस्ट्रेशन आहे, फिजिक्स केमिस्ट्री बायो इंग्रजी आणि भूगोल, २०२६ च्या एप्रिलला सगळे एकदम देणार असं ठरलंय.

आणि मॅडमना आता बॉटनीत बीएस्सी करायचंय. कॉलेजातच. मुक्त विद्यापीठ नको, ऑनलाइन नको, मला लॅब पाहिजे आणि मायक्रोस्कोप पाहिजे म्हणते. तिच्याकडे गवतांची एक वही आहे, पवन्या, मारवेल, कुसळी असं एकेक गवत चिकटवून खाली तारीख, कुठल्या उतारावर मिळालं, गुरं खातात का नाही, सगळं लिहिलेलं. ती वही बघून तिला घ्या म्हणावं तर तसं कुठे असतं.

मागच्या आठवड्यात आम्ही तिघं एका कॉलेजात नुसती चौकशी करायला गेलो होतो (नाव नको). खिडकीवरच्या बाईंनी विचारलं आधीची शाळा कुठली. लेक म्हणाली नाही. नाही म्हणजे? शाळा नाहीये. सोडली का? हो तिसरीत. त्या बाई दोन मिनिटं तिच्याकडे बघतच राहिल्या आणि मग तिला सोडून माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, मग हिला कितवीला ॲडमिशन पाहिजे? रांगेत मागे उभ्या असलेल्या काकूंनी माझ्या दंडाला हात लावून हळूच विचारलं, काही अडचण होती का हो घरी. मला हसू पण आलं आणि घरी आल्यावर थोडं रडू पण आलं. लेक मात्र गाडीत बसल्या बसल्या म्हणाली की त्यांच्या खिडकीतल्या कुंडीत जे लावलंय त्याला पाणी जास्त होतंय.

तर प्रश्न असे. एक, एनआयओएसची बारावी साध्या सरकारी अनुदानित कॉलेजात चालते ना? दोन, एलसी (शाळा सोडल्याचा दाखला) मागतात, ती आमच्याकडे नाही, मग काय देतात? तीन, ज्यांची मुलं अशी घरून थेट कॉलेजात गेली त्यांचं पहिलं वर्ष कसं गेलं? मला तिच्या अभ्यासाची काळजी नाही. ती आजवर कधी पंचेचाळीस मिनिटं एका बाकावर बसलेली नाही, त्याची आहे. पुणं किंवा सातारा, दोन्ही चालेल, हॉस्टेलला ठेवावं लागेल.

लांबलं, माफ करा.


खिडकी_नंबर_तीन:

ताई, मी त्या खिडकीच्या आतल्या बाजूला बसतो. तुमच्या कॉलेजात नाही हो, दुसऱ्या, पण बावीस वर्षं हेच काम. त्या बाईंच्या वतीने सॉरी म्हणतो आणि थोडी त्यांची बाजू पण सांगतो. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये "मागील शाळा/कॉलेजचे नाव" हा रकाना भरल्याशिवाय पुढचं पान उघडतच नाही. म्हणून आम्ही तेच पहिलं विचारतो. पुढच्या वेळी कुणी विचारलं तर शाळा नाही असं सांगू नका, एनआयओएसने तुम्हाला जे अध्ययन केंद्र दिलंय (एआय म्हणतात ते, आयकार्डवर असतं) त्याचं नाव सांगा. खोटं काहीच नाही त्यात, तिची प्रॅक्टिकलं तिथेच होणार आहेत. अर्ध्या अडचणी तिथेच मिटतात.

बारावी चालते. एनआयओएस हे केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याखालचं बोर्ड आहे, १९८९ पासूनचं, आधी नॅशनल ओपन स्कूल म्हणायचे. सीबीएसईचा मुलगा आला तर आम्ही जे करतो तेच इथे. एलसीच्या जागी ते लोक मायग्रेशन कम ट्रान्सफर सर्टिफिकेट देतात, एकाच कागदात दोन्ही. नवीन क्लार्क असला तर तो म्हणेल मायग्रेशन दिलं आता टीसी द्या. तेव्हा भांडू नका, कागदाचं वरचं हेडिंग बोट ठेवून दाखवा. दुसऱ्या बोर्डाचा विद्यार्थी म्हणून आधी प्रोव्हिजनल ॲडमिशन होते आणि विद्यापीठाकडून एलिजिबिलिटी (पात्रतेचं पत्र) आली की पक्की. सातारा घेतलं तर बहुतेक कॉलेजं शिवाजी विद्यापीठाची, पुण्याला सावित्रीबाई फुले, पण पद्धत साधारण सारखीच. मूळ कागद आम्ही ठेवून घेतो, तेव्हा आधी चार-पाच सेट झेरॉक्स करून ठेवा, नंतर हॉस्टेलवाला मागतो, स्कॉलरशिपवाला मागतो.

आता महत्त्वाचं. सगळे विषय एप्रिलला एकदम देऊ नका हो. राज्य बोर्डाचा बारावीचा निकाल हल्ली मे महिन्यात लागतो (२०२५ ला ५ मे ला लागला होता), आमचे फॉर्म लगेच सुरू, आणि एनआयओएसच्या एप्रिल-मे परीक्षेचा निकाल त्याच्या मागून येतो. तोवर आमची पहिली मेरिट लिस्ट लागून गेलेली असते. मुलं रोज येऊन विचारतात सर माझा निकाल नाही आला अजून जागा धरून ठेवा, आता मी कशी धरून ठेवू. एनआयओएसची परीक्षा वर्षातून दोनदा असते, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. पण तुमच्या केसमध्ये एक मेख आहे. दहावी पास होऊन दोन वर्षं झाल्याशिवाय ते बारावीचा शेवटचा, म्हणजे पाचवा विषय पूर्ण होऊ देत नाहीत. एक वर्षानंतर चारपर्यंत देता येतात. म्हणजे तुमची दोन वर्षं २०२६ च्या एप्रिलला भरतात. तर फी भरायची मुदत असेल तर चार विषय ऑक्टोबरला उडवा आणि एकच, जो सगळ्यात सोपा जातो तो, एप्रिलला ठेवा. मुदत गेली असेल तर एनआयओएसच्या ऑन डिमांड (मागाल तेव्हाच्या) परीक्षेचं बघा, त्यांच्या पुण्याच्या रिजनल सेंटरला विचारा. निकाल उशिरा लागलाच तरी चार विषयांचे मार्क हातात असतात, प्राचार्यांना जाऊन दाखवता येतात, आणि पोरीवरचं ओझं पण कमी.

आणि फॉर्म भरताना एक नेहमीची चूक. राज्य बोर्डाची बारावी ६०० पैकी, तुमची पाच विषयांची ५०० पैकी. सायबर कॅफेवाला पोरगा सवयीने ६०० टाकतो आणि ऐंशी टक्केवाली मुलगी सहासष्टवर येते. मी स्वतः असे तीन फॉर्म पकडलेत. न पकडलेले किती गेले असतील देव जाणे.

नावाचं स्पेलिंग जन्मदाखला, आधार, दहावी सगळीकडे एक आहे ना ते आजच बघा. एबीसी आयडी (कॉलेजच्या क्रेडिटच्या खात्याचा नंबर) डिजीलॉकरवरून काढून ठेवा, आता प्रत्येक ठिकाणी मागतात.


रोखठोक_नाशिक:

वाचून गंमत वाटली. आधी शाळेतून काढायचं, डोंगरावर जाऊन राहायचं आणि मग आम्ही काढली नाहीत ती कागदपत्रं कशी मिळवायची म्हणून विचारायचं. मुलांवर प्रयोग करताना त्यांना विचारतं का कुणी? आमच्या वेळी जिल्हा परिषदेच्या शाळेत साठ पोरं एका वर्गात होती, कुणाचं काही वाईट झालं नाही. कॉलेजात ७५ टक्के हजेरी लागते, तुमची मुलगी कुंडीतल्या झाडाकडे बघत बसली तर डिटेन होईल, परीक्षेला बसू देणार नाहीत. आणि हे कायदेशीर तरी आहे का, आरटीईमध्ये (शिक्षण हक्क कायदा) सहा ते चौदा वयाला शिक्षण हक्काचं आहे ना?

पटलं नाही तर सोडून द्या. लिहायचं होतं ते लिहिलं.


डोंबिवलीकर_बाबा:

रोखठोक साहेब, २००९ च्या आरटीई कायद्यात होमस्कूलिंग हा शब्दच नाहीये, करा पण नाही आणि करू नका पण नाही. वादाला पुरेल एवढी जागा आहे हे मान्य, पण त्या मुलीने सरकारच्याच बोर्डाची दहावी दिलीये, आता तिला कॉलेजला जायचंय, यात तुम्हाला अडचण काय आहे ते कळलं नाही. ७५ टक्क्यांचा मुद्दा मात्र बरोबर आहे हां, तो ताईंनी गांभीर्याने घ्यावा.

आमचा मुलगा पाचवीपासून घरी, आता इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. मी दोन-तीन गोष्टी सांगतो ज्या आम्हाला फार उशिरा कळल्या.

बारावी टाळू नका. आमच्या ग्रुपमध्ये एक लाट आली होती की परीक्षाच कशाला, मुलाचं काम बघून घेतील. २०१६ ला मुंबईची एक होमस्कूल झालेली मुलगी एमआयटीला गेली ती सगळ्या पेपरांत आली होती, तेव्हापासून प्रत्येकाला वाटायचं आपलंही तसंच होईल. पण बातमीतला मधला परिच्छेद कुणी वाचला नाही. तिच्याकडे इन्फॉर्मेटिक्स ऑलिंपियाडची आंतरराष्ट्रीय पदकं होती, एक नाही तीन, आणि तरी दहावी-बारावी नाही म्हणून आयआयटीचं दार बंद होतं. बारावी असली तर जेईई, सीयूईटी (केंद्रीय विद्यापीठांची प्रवेश परीक्षा) सगळं उघडं आहे. नीटला पूर्वी ओपन स्कूलवाल्यांना बसू देत नव्हते, ती अट दिल्ली हायकोर्टाने २०१८ ला काढून टाकली. तेव्हा तुमच्या लेकीचं बायो आहे ते राहू द्या, उद्या मन बदललं तरी वाट राहील.

काही जण सांगतील की मुक्त विद्यापीठाचा पूर्वतयारी कोर्स करा आणि बारावीशिवाय डिग्री घ्या. डिग्री मिळाली तरी पुढे फॉर्म भरताना दहावी-बारावीचे रकाने येतातच.

दुसरं, जातीच्या दाखल्याचं. तुम्हाला लागत असेल तर आत्ता सुरू करा, बारावीच्या निकालानंतर नाही. सेतू केंद्रात (सरकारी दाखले काढतात तिथे) पहिला प्रश्न, मुलाचा शाळेचा दाखला. आमच्या मुलाचा चौथीपर्यंतचा होता म्हणून वाचलो, त्यावर जात लिहिलेली होती. एनआयओएसच्या मायग्रेशनवर आपल्याकडच्या दाखल्यासारखी जात वगैरे काही नसते. आम्हाला माझा दाखला, माझ्या वडिलांचा प्राथमिक शाळेतला जनरल रजिस्टरचा उतारा, आणि तो उतारा काढायला मी दोन वेळा गावी जाऊन आलो, तिथले गुरुजी म्हणाले रजिस्टर कपाटात आहे आणि कपाटाची किल्ली हेडमास्तरांकडे आणि हेडमास्तर ट्रेनिंगला. पुढे व्हॅलिडिटी (जात पडताळणी) वेगळीच. तुमच्या लेकीची तिसरीपर्यंतची शाळा होती ना, त्या पुण्यातल्या शाळेतून दाखला आणला होता का? नसेल तर जाऊन आणा, रजिस्टरला नाव असतंच. तो एक कागद पुढे डोमिसाइलला पण उपयोगी पडतो, जन्मदाखला असला तरी असू द्या जवळ.

बाकी मुलगा पहिल्या सेमिस्टरला घरी येऊन एकच वाक्य बोलायचा, बाबा तिथे सगळे मला काय करायचं ते सांगतात आणि का करायचं ते कुणीच सांगत नाही. दुसऱ्या सेमिस्टरला बंद झालं. सवय झाली का आशा सोडली माहीत नाही.


घरचा_अभ्यास:

रानजाई मावशी, मी स्वतः ते प्रॉडक्ट आहे त्यामुळे लिहितोच. कोकणातला, आठवीपर्यंत घरी, मग एनआयओएस दहावी बारावी, आता टीवाय (तिसऱ्या वर्षाच्या) बीएस्सीला, आणि योगायोग म्हणजे बॉटनीच.

सगळ्यात आधी हात. हसू नका. आम्ही घरी शिकलेली पोरं लिहीत नाही हो. वाचतो, बोलतो, करून बघतो, टाइप करतो, पण सलग तीन तास पेनने लिहायची वेळच येत नाही. माझा बारावीचा केमिस्ट्रीचा पेपर, दीड तास झाला आणि अंगठ्याखालचा गोळा असा दुखायला लागला की मी पेन खाली ठेवून हात झाडत बसलो, सुपरवायझर येऊन बघून गेले काही लपवतोय का. येत असलेला एक प्रश्न सोडून आलो. तर आजपासून रोज एक तास घड्याळ लावून लिहायला लावा, काय पण लिहू दे, पेपरातला अग्रलेख उतरवून काढू दे.

दुसरं बाकावर बसणं, ते जमतं. पाठ दुखते आठवडाभर. जे जमायला वेळ लागतो ते म्हणजे बेल. घरी मी एक गोष्ट धरली की चार दिवस तीच, नेचे (फर्न) तर नेचे. इथे तुम्ही नेच्यात शिरलात की बेल होते आणि मॅथ्सचे सर आत येतात, ते पण त्यांच्या मूडमध्ये, आणि तुमच्या डोक्यात अजून नेचे. मला पहिले तीन महिने सतत कुणीतरी अर्ध्या जेवणावरून उठवतंय असं वाटायचं. त्यात आता नवीन पॅटर्न, मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, असल्या अक्षरांचे सहा-सात विषय, त्यातले दोन कशासाठी आहेत ते शिकवणाऱ्या मॅडमना पण माहीत नव्हतं, त्यांनीच वर्गात सांगितलं तसं.

सगळे मला विचारतात मित्र मिळाले का, एकटं वाटलं का. मिळाले हो मित्र, आठव्या दिवशी, टपरीवर, एकाचे सुट्टे पैसे कमी पडले म्हणून. तो विषय लोकांनी उगाच मोठा केलाय. एक मात्र आहे, ग्रुपमध्ये शाळेच्या गप्पा निघतात. पीटीचे सर, ऑफ तास, डस्टर फेकून मारणं, गॅदरिंगला पडदा अडकला वगैरे, अख्खा तास चालतात त्या, आणि आपल्याकडे टाकायला एक पण किस्सा नसतो. मी सुरुवातीला गप्प बसायचो मग एकदा सांगितलं की आमच्या वर्गात मी आणि म्हैस. तेव्हापासून माझं नाव म्हैस पडलंय. चालतंय.

आता जर्नल. मावशी हे लेकीला नक्की वाचून दाखवा. पहिलंच प्रॅक्टिकल, सूर्यफुलाच्या खोडाचा आडवा छेद घ्यायचा, स्टेन करायचा, मायक्रोस्कोपखाली बघून आकृती काढायची. मी ब्लेडने छेद घेतला, बघितला, आणि जसा दिसला तसा काढला, पेनने, एका बाजूचे वाहक गठ्ठे लांबुळके, दुसऱ्या बाजूला दोन तुटलेले, मध्ये हवेचा एक बुडबुडा. रंगीत पेन्सिली पण वापरल्या. बाजूला बघतो तर सगळ्यांनी स्लाइडकडे न बघता पुस्तकातली गोल गोल सुंदर आकृती उतरवलेली. सर आले, माझी वही उचलली. हे काय काढलंस? म्हटलं दिसतंय ते. सर काही बोलले नाहीत, वाकले, माझ्या मायक्रोस्कोपमध्ये बघितलं, बराच वेळ बघितलं, फोकस इकडे तिकडे केला. मग म्हणाले, बरोबर काढलंयस, पण छेद तिरका गेलाय, परत घे. आणि पेनने नाही पेन्सिलने, रंग नाही, शेडिंग नाही, ठिपके द्यायचे.

मी अजून वीस छेद घेतले त्या दिवशी. विसाव्याला बरा आला. बुडबुडा तेव्हापण होता, तो मी नाही काढला, सर म्हणाले तो झाडाचा नाही तुझा आहे.

सांगायचं काय तर पेन आणि रंगाचं बोलले तेव्हा मला राग आला होता, आपण खरं काढलं तरी चूक कसं, असं. छेद तिरका गेलाय हे मला घरी कुणी सांगितलंच नसतं, कारण घरी ते कुणाला माहीतच नव्हतं. आई-बाबांनी फार कौतुक केलं असतं आणि फ्रिजवर लावली असती ती आकृती.

तुमच्या लेकीची गवताची वही असेल तर तिला हर्बेरियम शीट (वाळवून कागदावर चिकटवलेला झाडाचा नमुना) माहीत असेलच, नसेल तर पुण्यात बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाचं ऑफिस आहे, कोरेगाव रोडला, तिथे पश्चिम घाटातल्या झाडांचं मोठं हर्बेरियम आहे. आधी विचारून परवानगी घेऊन जा. आम्हाला कॉलेजने नेलं होतं. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी चिकटवलेलं गवत अजून तसंच आहे, खाली तारीख आणि जागा, तिच्या वहीसारखंच.

अवांतर: एनआयओएसच्या फिजिक्स केमिस्ट्री बायोला ८० थिअरी आणि २० प्रॅक्टिकल असतं आणि दोन्हीत वेगळं पास व्हावं लागतं, ३३ टक्के. बरीच मुलं प्रॅक्टिकल म्हणजे केंद्रावर जाऊन सही करून येणं समजतात. एफवायला (पहिल्या वर्षाला) सर धरून चालतात की टायट्रेशन तुम्ही केलेलं आहे. मला पिपेट कशी धरतात ते माहीत नव्हतं, तोंडात घेऊन ओढलं, सगळा वर्ग हसला आणि लॅब असिस्टंट काका ओरडले. जवळच्या ज्युनियर कॉलेजात ओळख काढून पंधरा दिवस तरी लॅबमध्ये काम करू द्या म्हणावं.


रानजाई:

सगळ्यांचे खूप खूप आभार. मला वाटलं होतं दोन प्रतिसाद येतील, त्यातला एक रोखठोकांचा.

खिडकीवाले दादा, तुमचा प्रतिसाद मी छापून फ्रिजवर लावलाय (घरचा_अभ्यास, बघ, आमच्याकडे पण फ्रिजच). पाचव्या विषयाचा तो नियम आम्हाला कुणीच सांगितला नव्हता, अध्ययन केंद्रावर फोन केला तर तिथल्या मॅडम म्हणाल्या हो असं आहे ना, तुम्ही विचारलं नाही. ऑक्टोबरची मुदत लेट फी भरून मिळतेय. केमिस्ट्री, बायो, इंग्रजी, भूगोल आत्ता, फिजिक्स एप्रिलला. सगळ्यात सोपा शेवटी ठेवा म्हणालात पण ती उलटं म्हणतेय, फिजिक्सला मला वेळ पाहिजे. तिचं ती बघेल.

बाबा, पुण्याच्या शाळेत नवरा जाऊन आला. रजिस्टर सापडलं, दाखला मिळतोय, कारण म्हणून काय लिहू असं त्यांनी विचारलं तर हा म्हणाला लिहा गाव बदलले. तिथल्या शिपाईकाकांना ती अजून आठवते म्हणे, मैदानात बसून गवत उपटणारी.

रोखठोक दादा, मुलीला विचारलं होतं का, तर तिसरीत नाही विचारलं, खरं सांगते. दर वर्षी जूनमध्ये विचारायचो, जायचंय का शाळेत. सातवीच्या वयात एकदा हो म्हणाली होती, आम्ही चौकशी केली, आणि तोवर तिचं मन बदललं. का आम्ही चौकशी जरा हळू केली, तो प्रश्न माझा मला रात्री पडतो. तुमचं वाक्य लागलं पण चुकीचं म्हणणार नाही मी.

काल घड्याळ लावून लिहायला बसवलं. अग्रलेख नको म्हणाली, तिने कासच्या पठाराबद्दल लिहायला घेतलं. एक तास दहा मिनिटांनी हात झाडत बाहेर आली. आठ पानं झाली होती, शेवटची दोन मला पण वाचता येत नाहीत.

हॉस्टेलचं कसं करू ते कळत नाही अजून, त्यावर कुणाला माहिती असेल तर सांगा. मुलींचं सरकारी हॉस्टेल मार्कांवर मिळतं का कशावर?


खिडकी_नंबर_तीन:

ताई, समाजकल्याणची वसतिगृहं आहेत, ती प्रवर्ग, उत्पन्न आणि मार्क अशी, त्याचा फॉर्म वेगळा भरायचा. कॉलेजचं स्वतःचं असेल तर ॲडमिशनच्याच दिवशी हॉस्टेलचा फॉर्म मागून घ्या, दुसऱ्या दिवशी येतो म्हणू नका, जागा संपतात. तिथे बोनाफाईड मागतील, ते आम्हीच देतो, ॲडमिशनची पावती दाखवली की लगेच. आणि फिजिक्स शेवटी ठेवलं तर एप्रिलच्या निकालाची धाकधूक राहील हे सांगून ठेवतो. पण मुलगी स्वतः सांगतेय तर असू द्या.


रोखठोक_नाशिक:

दर जूनला विचारत होता हे आधी लिहायला पाहिजे होतं. माझ्या पुतणीने नाशिकला बीएस्सी केलं, तिची एफवायची बॉटनीची पुस्तकं पडून आहेत, सिलॅबस बदलला असेल पण आकृत्या त्याच. पाहिजे असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पार्सल करतो. पोस्टेज द्यायचं नाही.


रानजाई:

व्यनि केलाय दादा. पुस्तकं नक्की पाठवा, पोस्टेजवर नंतर भांडू.

घरचा_अभ्यास, लेकीने तुझा प्रतिसाद स्वतः वाचला, दोनदा. तिने एकच प्रश्न विचारायला सांगितलाय. ठिपके द्यायला पेन्सिल एचबी का टूबी?


घरचा_अभ्यास:

एचबी. टूबीचे ठिपके हाताने पुसले जातात आणि पानभर काळं होतं. आणि ब्लेडचं नवीन पाकीट स्वतःचं ने म्हणावं, लॅबमधली बोथट असतात, छेद तिरका जातो.